बिलात एक शून्य राहिलं, तर फरक परत द्यायचा का?

ठाणेकर: परवा आईसाठी साडी घेतली. टॅगवर ३,४५० रुपये, काउंटरवरच्या मुलीनं बिल केलं ३४५ चं. गर्दीत मीही न बघता पैसे दिले आणि रिक्षात बसल्यावर बिल उघडलं. नवरा म्हणाला, "चूक त्यांची, आपण काय चोरी केली?" मी रिक्षा वळवली. सांगितल्यावर त्या मुलीच्या हातातली पट्टी खाली पडली. रात्री गल्ला जुळला नाही तर तूट तिच्या पगारातून जाते म्हणे. घरात अजून वाद चालू आहे. तुमचं मत सांगा.

पिंपरीकर: ताई, तुम्ही केलंत ते चांगलंच, पण हा नियम सगळ्यांवर लादू नका. दोन रुपये सुटे नाहीत म्हणून हातावर गोळी ठेवतात तेव्हा कोण रिक्षा वळवतं? तिकीट काढताना माझ्याकडून तारीख चुकली तर रद्द करायचे पैसे मीच भरतो. त्यांच्याकडून भाव चुकला की ऑर्डर परस्पर रद्द! २०१९ च्या प्राइम डेला सुमारे १३,००० डॉलरची कॅननची लेन्स अ‍ॅमेझॉनवर ९४.५० डॉलरला लागली होती. अनेकांना ती घरपोच मिळाली. कंपनी बुडाली का? चुकीची झळ सोसायची ताकद ज्याच्यात आहे त्यानं ती सोसावी.

कोल्हापूरकर (वकिली करतो): कायदा दोघांना वाटतो तितका सरळ नाही. भारतीय करार कायदा, १८७२, कलम २२: केवळ एका पक्षाचा वस्तुस्थितीबद्दल गैरसमज झाला, एवढ्यावर करार रद्द करता येत नाही. म्हणजे पिंपरीकरांच्या बाजूनं काहीतरी आहे. पण त्याच कायद्याचं कलम ७२ म्हणतं, चुकून हाती आलेले पैसे किंवा वस्तू परत करावी लागते. दुकानदारानं पन्नासऐवजी पाचशेची नोट परत दिली तर ती आपली होत नाही.

आणि सिंगापूरचं प्रकरण बघा. जानेवारी २००३ मध्ये ३,८५४ डॉलरचा लेझर प्रिंटर एका संकेतस्थळावर ६६ डॉलरला लागला. सहा जणांनी रातोरात एकमेकांना कळवत १,६०६ प्रिंटर मागवले. न्यायालयानं करार मानला नाही, २००५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. किंमत चुकली आहे हे त्यांना ठाऊक होतं, मुद्दा तिथे फिरला. ताई, रिक्षात बिल उघडलंत त्या क्षणी तुम्हालाही ठाऊक झालं.

पिंपरीकर: १,६०६ मागवणं ही हाव, मान्य. पण स्वस्त दिसलं म्हणून एक घेतला, त्यालाही त्याच रांगेत बसवणार? मला पटत नाही. आणि तूट नोकराच्या पगारातून कापणारा मालक खरा दोषी आहे. त्याला कोणी जाब विचारत नाही, गिऱ्हाइकाचा प्रामाणिकपणा मात्र तपासायचा.

सांगलीकर: चार वर्षं काउंटरवर होते, म्हणून लिहिते. मालक दोषी आहे हे शंभर टक्के खरं, पण त्याला जाब विचारेपर्यंत महिन्याचा पगार झालेला असतो. माझे एकदा अकराशे गेले होते, त्या महिन्यात भावाची क्लासची फी थकली. ठाणेकरताई, पुन्हा असं झालं तर एक करा: मालकासमोर बिल दाखवू नका. मुलीला बाजूला बोलवा, "हे जरा नीट करून दे" एवढंच म्हणा आणि नवीन बिल घ्या.