मध्यशतकातील अमेरिकन गाड्यांमधील साम्य: नक्कल, की एकाच हाताचे वळण?

प्रश्न

१९४९ ते १९६४ या काळातील अमेरिकन गाड्यांची छायाचित्रे मी सध्या वर्षवार लावून पाहत आहे. जनरल मोटर्स, फोर्ड, क्रायस्लर आणि स्टुडबेकर या कंपन्या एकमेकींच्या कट्टर प्रतिस्पर्धी असूनही त्यांच्या गाड्यांत इतके साम्य आढळते की, नाव झाकले तर माझी हटकून गल्लत होते. फोर्डच्या १९४९च्या आणि स्टुडबेकरच्या १९५०च्या गाडीच्या नाकावर मधोमध बसवलेला तो गोळा पाहिला की, कोणी कोणाचे उचलले असा प्रश्न पडतो. हे साम्य हेरगिरीतून आले, की हे डिझायनर एकाच वर्तुळात वावरत असल्यामुळे? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

प्रतिसाद १

आधी कालगणना पाहावी. त्या काळी मातीच्या प्रतिकृतीपासून पत्र्याचे साचे तयार होऊन गाडी विक्रीला येईपर्यंत साधारण दोन ते तीन वर्षे जात. त्यामुळे दोन कंपन्यांच्या गाड्या एकाच वर्षी किंवा लागोपाठच्या वर्षी सारख्या दिसल्या, तर दुकानात पाहून केलेली ती नक्कल असणे कठीण आहे. तिथे मूळच समान असते. आपण म्हणता तो गोळा उघड उघड विमानाच्या पंख्याच्या टोकावरून आलेला आहे आणि युद्धाने सगळ्याच डिझायनरांना विमानांचे वेड लावले होते. जनरल मोटर्सचे डिझाइनप्रमुख हार्ली अर्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१मध्ये पी-३८ लाइटनिंग हे दुहेरी शेपटीचे लढाऊ विमान पाहिले, आणि त्याच्या शेपटीचे पर, म्हणजे उभे कल्ले, जनरल मोटर्सच्याच १९४८च्या कॅडिलॅकच्या मागच्या मडगार्डांवर उगवले.

खरीखुरी नक्कल वेगळी दिसते. १९५६च्या उन्हाळ्याच्या अखेरीस जनरल मोटर्समधील डिझायनर चक जॉर्डन यांना क्रायस्लरच्या कारखान्याच्या कुंपणापलीकडे १९५७च्या नव्या प्लिमथ गाड्या उभ्या दिसल्या: ठेंगण्या, पातळ छताच्या, उंच परांच्या. अर्ल तेव्हा युरोपात होते. तरुण डिझायनरांनी हाती असलेले १९५९चे बोजड आराखडे मोडीत काढले आणि काम नव्याने सुरू केले. मौज अशी की, पर मुळात कॅडिलॅकचे. क्रायस्लरने ते वाढवले, हे पाहून जनरल मोटर्सने ते आणखी वाढवले. चोरावर मोर म्हणतात तो हा प्रकार.

प्रतिसाद २

वरील विवेचन मान्य आहे, परंतु त्यात माणसे मागे राहिली. क्रायस्लरचे ते पर ज्यांचे, ते व्हर्जिल एक्सनर मूळचे अर्ल यांच्याच तालमीतले. जनरल मोटर्समध्ये पाँटिॲकचा स्टुडिओ सांभाळून ते स्टुडबेकरचे सल्लागार डिझायनर रेमंड लोवी यांच्याकडे त्या कंपनीच्या कामासाठी गेले आणि १९४९मध्ये क्रायस्लरमध्ये दाखल झाले. डिझायनर फ्रँक हर्शी यांचे नाव १९४८च्या कॅडिलॅकच्या परांशी जोडले जाते आणि पुढे फोर्डच्या १९५५च्या थंडरबर्डशीही. आपल्या गोळ्याच्या बाबतीतही असेच आहे. फोर्डच्या १९४९च्या गाडीची मातीची प्रतिकृती डिझायनर डिक कॅलील यांनी घरच्या स्वयंपाकघरात घडवली आणि स्टुडबेकरच्या स्टुडिओतील बॉब बोर्क व होल्डन कोटो यांनी त्यांना हात दिला, अशी हकिगत सांगितली जाते; फोर्डचे सल्लागार डिझायनर जॉर्ज वॉकर यांच्या चमूतील मंडळी मात्र त्या नाकाचे श्रेय स्वतःकडे घेत आणि हा वाद अजून मिटलेला नाही.

माणसाबरोबर त्याचे वळणही कसे जाते, हे पाहायचे असेल तर एल्वुड एंगल यांच्या दोन गाड्या शेजारी ठेवाव्यात. फोर्डमध्ये असताना त्यांनी १९६१ची लिंकन कॉन्टिनेंटल घडवली: कुशी सपाट, पत्र्यावर नक्षी नाही, आणि मडगार्डांच्या वरच्या काठावरून पुढून मागे सलग धावणारी एकच चकचकीत पट्टी. त्याच वर्षी ते एक्सनर यांच्या जागी क्रायस्लरमध्ये आले आणि क्रायस्लरची १९६४ची आलिशान इम्पीरियल पाहिली की तीच सपाट कूस, तोच धारदार काठ, तीच पट्टी पुन्हा समोर येते. फरक मुख्यतः डिकीवर आहे: इम्पीरियलच्या झाकणावर सुट्या चाकाचा आभास देणारा उंचवटा ठेवलेला आहे. माझ्या मते तो नसता तर गाडी अधिक देखणी झाली असती. याला चोरी कसे म्हणावे? स्वतःच्या अक्षरासारखे अक्षर काढणाऱ्यावर नकलेचा आरोप होत नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. मग शेव्हर्ले आणि ब्यूइक या जनरल मोटर्सच्याच दोन नावांच्या गाड्यांतील साम्याचे काय? तिथे तर माणसे इकडून तिकडे जाण्याचाही प्रश्न नव्हता.

प्रतिसाद १

तिथे प्रश्न पैशांचा होता. साचे अतिशय महाग पडत, म्हणून जनरल मोटर्समध्ये एकाच सांगाड्यावर अनेक नावांच्या गाड्या बेतल्या जात. १९५९च्या घाईत तर पुढच्या दारांची घडण ब्यूइकवरून घेऊन इतरांना दिली गेली; मग गाडी वेगळी दाखवायला डिझायनरांच्या हाती मुख्यतः नाक आणि शेपूट एवढेच उरले. आपल्याकडील त्या वर्षीच्या छायाचित्रांत गाड्यांच्या दोन्ही टोकांवर कागद ठेवून पाहावे, आपली गल्लत पुन्हा होईल. मागचा कागद काढला की शेव्हर्लेचे आडवे पसरलेले पंख, ब्यूइकचे तिरके पर आणि कॅडिलॅकचे गोळीच्या आकाराच्या दोन-दोन दिव्यांचे उभे पर लगेच वेगळे ओळखू येतील.