६५ हजारांचा टीव्ही की ३२ हजारांचा? कारणासकट भांडा

गोलाईकर (लातूर)

घर बांधून झालंय, दिवाळीच्या आत वास्तुशांत आहे. हॉल १२ बाय १६, सोफा टीव्हीच्या भिंतीपासून दहा फुटांवर येईल. ५५ इंची घ्यायचा, इथपर्यंत घरात एकमत. पुढं दोन तट पडलेत. पोरगा म्हणायलाय मोठ्या कंपनीचाच घ्या, ६५ हजारांच्या आसपास मिळतो. माझं म्हणणं, तेवढ्याच इंचाचा, डब्यावर क्यूएलईडी, फोरके, गूगल टीव्ही सगळं छापलेला ३२ हजारांत मिळायलाय, मग दुप्पट कशाला? गंज गोलाईतल्या दुकानदारानं दोन्ही शेजारी शेजारी चालू करून दाखवले, मला तर फरक दिसला नाही.

बघणारे कोण, तेही सांगतो. आई सकाळी सह्याद्री आणि कीर्तन, संध्याकाळी मालिका. पोरगा क्रिकेट आणि रात्रीचे सिनेमे. मी बातम्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणून बजेट जरा सैल आहे. पण सैल आहे म्हणून नावाला पैसे मोजायचे का? "क्वालिटी असते हो" एवढ्यावर मी ऐकणार नाही.

सोयाबीनवाला (औसा)

तुमच्या बाजूनं. फरक ३३ हजारांचा. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८. म्हणजे हमीभावानं धरलं तरी सहा क्विंटलच्या वर माल, आणि आडतीत हमीभाव कुणाला मिळायलाय ते आपल्याला माहीत आहे. एवढा माल कंपनीच्या नावापायी घालायचा? पॅनेलची काच चीन-तैवानकडच्या मोजक्याच कारखान्यांतून येते. इथं आणून डबा चढवतात आणि वर नाव चिकटवतात.

वायरमन_नांदेड

टीव्ही दुरुस्ती हेच माझं पोट आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. काचेबद्दल सोयाबीनवाले अर्धे बरोबर आहेत. पण टीव्ही म्हणजे नुसती काच नाही. तिच्या मागं बॅकलाइटच्या पट्ट्या असतात, पॉवर बोर्ड असतो, मेन बोर्ड असतो. कंपनी पैसे वाचवते ते इथं.

स्वस्त टीव्ही उघडला की दिसतं: पट्ट्या कमी, त्यांवर एलईडी लांब लांब बसवलेले, आणि उजेड भरून काढायला त्यांना जास्त करंट दिलेला. असे एलईडी तापतात. कधी एखादा जातो आणि पडद्यावर काळपट डाग येतो, कधी वरची भिंगाची टोपी निखळते आणि पांढरा ठिपका पडतो, कधी आवाज चालू पण पडदा अंधारा. माझ्याकडं येणाऱ्या स्वस्त टीव्हीत हे सगळ्यात जास्त. कुठलाही घ्या, पण घरी आणल्या दिवशी बॅकलाइट १०० वरून ६०-७० वर आणा. पट्ट्या जास्त टिकतात.

दुसरं, लोक व्होल्टेजला घाबरतात आणि स्टॅबिलायझर घेतात. बहुतेक टीव्हीच्या मागच्या स्टिकरवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, लाइट कमी झाली म्हणून तो जळत नाही. जळतो विजेनं. आपल्याकडं वळवाच्या आणि परतीच्या पावसात वीज कडाडली की लोक प्लग काढतात, पण छत्रीची (डिशची) केबल तशीच सेट-टॉप बॉक्सला राहते. वीज तिकडून शिरते आणि बॉक्स-टीव्ही जोडणाऱ्या एचडीएमआय वायरीतून मेन बोर्ड घेऊन जाते. ही गोष्ट ६५ हजारांच्यालाही होते, ३२ हजारांच्यालाही. फरक पुढं पडतो. जुन्या कंपनीचा बोर्ड मागवला की येतो. नव्या नावाच्या टीव्हीला "तो मॉडेल बंद झाला साहेब" हे उत्तर मिळतं. मग चांगली काच असलेला टीव्ही भंगारात.

परभणीची_लेक

दादा, सर्व्हिसचं पटलं. पण गोलाईकर काका, तुमच्या प्रश्नातच घोळ आहे. ६५ हजारांचा म्हणजे महागडा, असं तुम्ही धरून चाललात. मोठ्या कंपनीचा त्या किमतीचा टीव्ही बहुतेक वेळा साधा ६० हर्ट्झ (सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा), झोननुसार उजेड कमी-जास्त करायची सोय नसलेलाच असतो. म्हणजे दुप्पट पैसे देऊन चित्र दीडपटही चांगलं नाही. तेवढ्याच पैशात, कधी त्याहून कमीत, टीसीएल, हायसेन्सचे मिनी एलईडी मिळायलेत. त्यात बॅकलाइट शेकडो झोनमध्ये विभागलेला असतो, अंधारा भाग खरंच अंधारा होतो. ओएलईडी त्याच्याही पुढं, प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो-विझतो, पण बातम्यांची पट्टी तासन्तास एकाच जागी राहिली तर तिचा डाग उमटायची भीती आणि किंमत लाखाच्या घरात. तुमच्या घरात बातम्या जास्त, तुम्ही त्याच्या नादी लागू नका.

फोरके, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपके, या शब्दावर तर एक रुपयाही जास्त देऊ नका. साधारण नजरेच्या माणसाला ५५ इंचावरचे फुल एचडीचे ठिपके सात फुटांच्या पुढून वेगळे दिसत नाहीत. तुमचा सोफा दहावर.

मास्तर_अंबाजोगाई

हेच म्हणतो मी. दहा फुटांवरून दिसणारच नाही तर ३२ वाला घ्या. कीर्तन आणि मालिका बघायला मिनी एलईडी कशाला?

परभणीची_लेक

सर, इथंच सगळे फसतात. "आम्ही काय, साधे चॅनेल बघतो, स्वस्त चालेल." उलट आहे. साधं एसडी चॅनेल ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं. फोरके पडदा ३८४० बाय २१६०. म्हणजे चॅनेलच्या एका ठिपक्यातून टीव्हीला वीस ठिपके बनवावे लागतात. ते काम प्रोसेसरचं, आणि स्वस्त टीव्हीत तोच कच्चा असतो. बुवांच्या चेहऱ्याभोवती किडे वळवळल्यासारखे दिसतात, पट्टीवरची अक्षरं फाटतात. ओटीटीवरचा चांगला सिनेमा ३२ हजारांच्यावरही बरा दिसतो. खराब सिग्नललाच चांगला टीव्ही लागतो. आणि रंगांची फिकट-गडद खोली दहा काय, पंधरा फुटांवरूनही कळते, तिला ठिपके मोजावे लागत नाहीत.

मास्तर_अंबाजोगाई

बाई, तुमचं तांत्रिक खरं असेल. पण आमच्या आईला ऐंशीच्या वयात पट्टीवरची अक्षरं फाटली काय आणि शिवली काय, सारखीच. तिची तक्रार एकच, "बुवा काय म्हणायलेत ते कळना." टाळ-पखवाज दणक्यात, शब्द गायब. कारण टीव्ही पातळ, स्पीकर खाली तोंड करून. ही रड महागड्यातही आहे. म्हणून माझा हिशेब असा: ३२ चा टीव्ही, सात-आठ हजारांचा साउंडबार, एआरसीच्या खाचेत (टीव्हीचा आवाज बाहेर देणारी एचडीएमआयची खाच) जोडायचा, विषय संपला. ४० हजारांत घर खूश.

आणि पोरगा हप्त्याचं बोलत असेल तर सावध. बिनव्याजी असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना सुनावलंय. व्याज कुठंतरी असतंच, प्रोसेसिंग फीमध्ये नाहीतर रोखीवरची सवलत काढून घेण्यात. वर त्या फीवर जीएसटी. दुकानात आधी रोखीचा भाव विचारायचा, हप्त्याचा विषय मागून काढायचा.

जालनारोड (संभाजीनगर)

मी महागड्याच्या बाजूचा, लपवत नाही. पण काका, दुकानात फरक दिसला नाही याचं कारण टीव्ही नाही, दुकान आहे. तिथं सगळे टीव्ही शोरूम मोडवर असतात: उजेड फुल, रंग भडक, आणि लूपमध्ये कंपनीचाच व्हिडिओ, पोपट आणि फळांचा. असल्या व्हिडिओत कुठलाही टीव्ही देखणा दिसतो.

रिमोट हातात मागा. दोन्ही स्टँडर्ड किंवा मूव्ही मोडवर आणा. रात्रीच्या प्रसंगाचा एखादा सिनेमा लावा, काळं काळं दिसतं की राखाडी ते बघा. मग सेट-टॉप बॉक्सवर क्रिकेट लावायला सांगा, चेंडू सीमेकडं जाताना शेपूट फुटते का बघा. मग बाजूला सरका. बऱ्याच टीव्हीत बाजूनं रंग उतरतात. तुमच्याकडं मॅचला निम्मी माणसं भिंतीकडंला सतरंजीवर बसणार, त्यांना काय दिसतं ते महत्त्वाचं. डब्यावर एचडीआर (उजेड-अंधारातला फरक ठळक दाखवायची सोय) लिहिलेलं असलं तरी पडद्याच्या २५०-३०० निट्स (उजेडाचं माप) उजेडात त्याला अर्थ नाही, सिग्नल घेतो एवढंच. दुकानदार नाही म्हणाला तर दुकान बदला.

सोयाबीनवाला (औसा)

एवढं सगळं बघत बसलो तर रब्बीची पेरणी हुकंल.

स्वस्त टीव्ही दोन-तीन वर्षांत अडकत चालतो हे मान्य, २ जीबी रॅममध्ये काय होणार. पण त्याला तीन-चार हजारांची, ओटीटी चालवणारी काडी (स्टिक) मागं खोचली की परत पळतो. मोठ्या कंपनीचाही पुढं अपडेट बंद झाला की हेच करावं लागतं.

वायरमन_नांदेड

काडीचं बरोबर. एक राहिलं. पश्चिमेच्या भिंतीला टीव्ही लावू नका. आपल्याकडं मे महिन्यात ४३ च्या वर जातं, आणि बहुतेक टीव्हीच्या पुस्तकात चालवायची मर्यादा ४० अंश दिलेली असते. तापलेल्या भिंतीला चिकटवला तर महागडाही लवकर जातो. स्टँड भिंतीपासून दोन-तीन इंच सुटा ठेवा.

गोलाईकर (लातूर)

भिंत पश्चिमेचीच आहे. केबलचे पाइप तिथंच काढलेत, आता गवंड्याला परत बोलवावं लागंल.

बाकी ६५ वाल्याचं नाव मी अजूनही काढत नाही, पण परभणीच्या ताईंमुळं तो पोराच्याही यादीतून गेला. आता ३२ हजारांचा साधा की ५० हजारांच्या आसपासचा मिनी एलईडी, एवढंच राहिलं. मास्तर, साउंडबार दोन्हीकडं धरलाय. नांदेडचे दादा, लातुरात कुणाची सर्व्हिस बरी हे कसं ओळखायचं?

वायरमन_नांदेड

दुकानदाराला विचारू नका. कंपनीच्या टोल-फ्रीवर गिऱ्हाईक म्हणून फोन लावा, मॉडेल नंबर सांगा, आणि दोनच प्रश्न विचारा: लातूर जिल्ह्यात माणूस घरी येतो का, आणि वॉरंटी संपल्यावर याचा मेन बोर्ड केवढ्याला. जो पटकन आकडा सांगतो त्याच्याकडं बोर्ड असतो. "माणूस येऊन बघून सांगंल" म्हणाला तर समजा बोर्ड पुण्याहून यायचा, नाहीतर यायचाच नाही. आणि पॅनेल फुटलं तर कुठलीच कंपनी वॉरंटीत देत नाही, तेवढं वास्तुशांतीला येणाऱ्या पोराटोरांना आधीच सांगून ठेवा.

मास्तर_अंबाजोगाई

५० चा घेतलात तरी माझं मत ३२ लाच, नोंद असू द्या.