ई-माउंटन बाइकची झिजलेली चेन केव्हा बदलावी?

प्रश्न: माझ्या बारा गिअरच्या ई-बाइकची चेन मापकावर ०.५ टक्के लांबलेली दिसते, पण गिअर अजून सुरळीत पडतात. तरीही ती आताच बदलावी का?

उत्तर: होय, आताच बदला. मोटरचा आणि पायांचा जोर एकाच चेनवर येत असल्याने तिच्या पिना लवकर झिजतात, आणि लांबलेली चेन कॅसेटचे (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाचे) दातही झिजवत जाते; मग नवी चेन त्याच दातांवरून ऐन चढावर घसरते आणि महागडी कॅसेटही बदलावी लागते.

दुसरे उत्तर: सहमत. मापकाची खात्री नसेल, तर चेन ताणून धरून पहिल्या पिनेच्या मध्यापासून पंचविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत पट्टीने मोजा. नव्या चेनमध्ये हे अंतर ३०४.८ मिलिमीटर असते, ते ३०६.३ झाले, की ०.५ टक्के झीज झाली.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. ३०६.५ भरले, आजच बदलतो.