मदत हवी आहे: कोणत्या कागदाला कोणतं पाकीट घ्यावं?

राम राम मंडळी, परभणीहून विचारायलोय. आमच्या पतसंस्थेच्या सभेची नोटीस सभासदांना पोस्टानं पाठवायचीय आन् सोबतच १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनानिमित्त घेतलेल्या निबंध स्पर्धेची प्रमाणपत्रं पण, लेकरं जिंतूर, सेलू, पाथरीकडची, त्यांना इथं बोलवण्यापेक्षा घरीच पाठवून देऊ म्हणलं.

नोटीस ए-फोरचं एकच पान. तिघडी केली की साधारण ९९ बाय २१० मिमी होतं, ९ बाय ४ इंचाच्या पाकिटात बसतं पण लैच घट्ट, रुंदीला दोन-तीन मिमीच जागा उरती, वर अहवालाची पानं जोडली की फुगणारच. मग ११ बाय ५ घ्यावं का? नेटवर डीएल साइज दिसतंय, ११० बाय २२० मिमी, पण इथं दुकानात समदं इंचातच बोलतेत.

खरी अडचण प्रमाणपत्रांची. कागद जाड, घडी घालायचीच नाही (घडीचं प्रमाणपत्र लेकरू फ्रेममधी काय लावणार!). १२ बाय १० मधी ए-फोर सपाट बसतं, पण आत पुठ्ठा टाकला की वजन वाढतंय आन् स्पीड पोस्टात ५० ग्रॅमच्या वर गेलं की पुढचा दर, रजिस्टर तर २०२५ पासून स्पीड पोस्टातच मिसळलंय. पुठ्ठ्याऐवजी आतून कापड लावलेली पाकिटं टिकतील का राव?

आन् नोटिशीला खिडकीवाली पाकिटं कुणी वापरलीत का, पत्ता आत सरकतो का? घाऊक कुठं मिळतील, नांदेडला का संभाजीनगरला, तेबी सांगा.