मदत हवी आहे: बाहेर फॉल्ट झाला की ट्रान्सफॉर्मरचा डिफरन्शियल रिले ट्रिप देतो

नमस्कार मंडळी,

डिचोलीजवळच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. आमचं स्वतःचं ३३/११ केव्ही सबस्टेशन आहे. १० एमव्हीएचा एकच ट्रान्सफॉर्मर, डीवायएन११ (एचव्ही म्हणजे ३३ केव्हीची बाजू डेल्टा, एलव्ही म्हणजे ११ केव्हीची बाजू स्टार, दोन्हींत तीस अंशांचा फरक), न्यूट्रल थेट अर्थ केलेला. सीटी (करंट मोजायचे ट्रान्सफॉर्मर) एचव्हीला २००/१, एलव्हीला ६००/१. ११ केव्हीचे दोन फीडर केबलवर, तिसरा ओव्हरहेड, तो नदीकाठच्या पंप हाऊसला जातो.

पाऊस लागला की या तिसऱ्या फीडरवर माडाचं चुडत नाहीतर काजूची फांदी पडते. फीडरचा अर्थ फॉल्ट रिले उचलतो, ते बरोबरच. पण त्याच क्षणी डिफरन्शियलही (ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही बाजूंचे करंट ताडून बघणारा रिले) ट्रिप देतो, ८६ (लॉकआउट रिले) लॉक होतो, दोन्ही बाजूंचे ब्रेकर उघडतात आणि अख्खा प्लांट बंद. मग चाचण्या केल्याशिवाय चार्ज करता येत नाही. बुकोल्झमध्ये (टाकीतल्या फॉल्टचा गॅस पकडणारा रिले) गॅस नाही, तेलाचा बीडीव्ही (ब्रेकडाउन व्होल्टेज) चांगला, मेगर (इन्सुलेशनची चाचणी), रेशो, वाइंडिंग रेझिस्टन्स सगळं ठीक.

उन्हाळ्यात जुना इलेक्ट्रोमेकॅनिकल रिले काढून न्यूमेरिकल बसवला. एलव्हीचे सीटी डेल्टात जोडलेले होते, एजन्सीने ते स्टारमध्ये आणले. जुन्या रिलेवर हा त्रास कधीच नव्हता. पिकअप (किती फरकाला रिले उचलतो) ०.२, पहिला स्लोप (करंट वाढेल तशी फरकाला मिळणारी सूट) ३० टक्के, सेकंड हार्मोनिक ब्लॉकिंग (चार्जिंगच्या झटक्याला ट्रिप रोखणारं) १५ टक्के. नेहमीच्या लोडवर डिफरन्शियल करंट जवळजवळ शून्य दिसतो, चार्जिंगलाही ट्रिप नाही.

आता वरून निरोप आलाय की चवथीपर्यंत डिफरन्शियल बायपास करा, बुकोल्झ आणि ओव्हरकरंट आहेतच. मला हे अजिबात पटत नाही. ओव्हरकरंटला फीडरशी ग्रेडिंग म्हणून वेळ द्यावा लागतो. आत वाइंडिंगचा फॉल्ट झाला तर तेवढ्या वेळात टाकी फाटू शकते, तेलाला आग लागू शकते. डिफरन्शियल दोन-तीन सायकलींत ट्रिप देतो, त्याचसाठी तो बसवतात. पण नुसतं ‘नको’ म्हणून चालणार नाही, कारण दाखवावं लागेल. कुठून सुरुवात करू?

प्रतिसाद १

सीटी सॅच्युरेशन (मोठ्या करंटला सीटीचा कोअर भरून माप चुकणं) वाटतंय. एलव्हीचे सीटी पीएस क्लासचे (खास प्रोटेक्शनसाठीचे) आहेत का? नी पॉइंट व्होल्टेज (जिथून कोअर भरायला लागतो) आणि लीडचा रेझिस्टन्स तपासा. तोवर स्लोप वाढवून बघा.

धागाकर्ता

पीएस क्लासच आहेत. डिस्टर्बन्स रेकॉर्ड काढला, वेव्हफॉर्म स्वच्छ साइन आहेत, कुठे चेपलेले नाहीत. सेकंड हार्मोनिक ४ टक्क्यांच्या आत. एलव्ही आर फेज सेकंडरीला ४ अँपिअर, बाकीचे दोन नुसत्या लोडचे. एचव्हीला दोन फेजमध्ये सुमारे २.३, एकमेकांच्या उलट. डिफरन्शियल करंट मात्र तिन्ही फेजला सारखाच, फुल लोडच्या साधारण १.५ पट.

प्रतिसाद २

स्लोपला हात लावू नका. आकडेच सांगताहेत. १० एमव्हीएला ११ केव्हीवर फुल लोड ५२५ अँपिअर, म्हणजे सेकंडरीला ०.८७५. तुमचे ४ अँपिअर म्हणजे ४.६ पट. त्याचा तिसरा हिस्सा काढा: १.५. हाच तुमचा डिफरन्शियल करंट.

डिफरन्शियल म्हणजे शेवटी जमाखर्च, झोनमध्ये (दोन्ही बाजूंच्या सीटींमधल्या भागात) आलं तेवढं बाहेर गेलं पाहिजे. पण एका फेजच्या अर्थ फॉल्टमध्ये झिरो सीक्वेन्स करंट (हिशेबात फॉल्ट करंटचा तिसरा हिस्सा, एकाच दिशेचा) एलव्हीच्या तिन्ही फेजमधून सारखा वाहतो. तो न्यूट्रलमधून परततो आणि एलव्हीच्या सीटींना दिसतो. एचव्हीला तो डेल्टाच्या आतच फिरतो, लाइनमध्ये येत नाही, म्हणून तिथल्या सीटींना दिसत नाही. रिले म्हणतो, हिशेब जुळत नाही. सॅच्युरेशन असतं तर एखाद-दुसऱ्या फेजचा वेव्हफॉर्म वेडावाकडा झाला असता. तिन्ही फेजला सारखा आणि एकाच दिशेचा फरक म्हणजे झिरो सीक्वेन्सच.

जुन्या जोडणीत एलव्हीच्या सीटींचा डेल्टा हे काम आपोआप करायचा. नवीन रिलेत ते सॉफ्टवेअरला करावं लागतं. तीस अंशांची दुरुस्ती स्टार बाजूच्या करंटवर केली तर फेजमधून फेज वजा होतो आणि झिरो सीक्वेन्स आपसूक जातो. तुमच्या रिलेत बहुधा एलव्ही संदर्भ धरून एचव्हीचे करंट फिरवलेत. तसं असेल तर एलव्हीचा झिरो सीक्वेन्स फिल्टर वेगळा चालू करावा लागतो. लोडवर किंवा तीन फेजच्या स्टॅबिलिटी टेस्टमध्ये ही चूक दिसणारच नाही, कारण तिथे झिरो सीक्वेन्स नसतो.

शटडाउन मिळाला की एचव्हीला ४१५ व्होल्ट द्या आणि एलव्हीचा एक फेज सीटीच्या पलीकडे, फीडरच्या बाजूला, अर्थ करा. ८.३५ टक्के इम्पीडन्सला ऐंशीएक अँपिअर मिळतील, तेवढे पुरे.

धागाकर्ता

मनापासून आभार! रविवारी टेस्ट केली. एलव्हीचा फिल्टर ‘डिसेबल’ होता. तशाच स्थितीत एक फेज अर्थ करून तिन्ही फेजला ०.०५ दिसला. फिल्टर चालू केल्यावर तिन्ही जवळपास शून्य. मग झोनच्या आत, सीटीच्या अलीकडे अर्थ करून बघितलं, तिथे फरक व्यवस्थित दिसतो. दोन्ही स्क्रीनचे फोटो लावून अहवाल दिला, बायपासचा विषय मिटला.

आता एकच प्रश्न. फिल्टरमुळे न्यूट्रलजवळच्या वाइंडिंगमधला अर्थ फॉल्ट डिफरन्शियलला आणखी कमी दिसणार. न्यूट्रलमध्ये ६००/१ चा पीएस सीटी आहे, पण त्याची टर्मिनल शॉर्ट करून ठेवलीत. त्यावर आरईएफ (रिस्ट्रिक्टेड अर्थ फॉल्ट, फक्त या वाइंडिंगमधला अर्थ फॉल्ट पकडणारं प्रोटेक्शन) घ्यायचा विचार आहे. रिलेत लो इम्पीडन्स आरईएफ उपलब्ध आहे, तोच घ्यावा की स्टॅबिलायझिंग रेझिस्टर लावून हाय इम्पीडन्स? एलव्हीचे फेज सीटी डिफरन्शियललाच जोडलेले आहेत, वेगळा कोअर नाही.

प्रतिसाद २

वेगळा कोअर नसेल तर लो इम्पीडन्सच. हाय इम्पीडन्सला स्वतःचे, एकाच रेशोचे आणि जुळणाऱ्या मॅग्नेटायझिंग कर्व्हचे कोअर लागतात. न्यूट्रल सीटीची पोलॅरिटी मात्र याच एक फेजच्या टेस्टने तपासा. ती उलटी राहिली तर पुढचं चुडत पडलं की आरईएफ ट्रिप देईल.