‘धामधूम’ : युद्धकाळ या अर्थाने

प्रश्न : शिवोत्तर काळातल्या वतनाच्या कागदांत, ताम्राच्या धामधुमीमुळे गाव परागंदा झाला, अशा धर्तीचा मजकूर दिसतो. ही धामधूम कसली?

उत्तर : युद्धाची. ताम्र म्हणजे मोगल. १६८९ साली संभाजीराजे मारले गेले, तेव्हापासून १७०७ मध्ये औरंगजेब मरेपर्यंत मोगल आणि मराठे दोघांच्याही फौजा याच मुलखातून येत-जात राहिल्या. एखाद्या लढाईला धामधूम म्हणत नसत. पेरलेलं घरात येईल का, पाटील-कुलकर्णी गावात टिकतील का, याचा भरवसा नसलेला सगळा काळ म्हणजे धामधूम. सनद गहाळ झाली, वारस परमुलखात गेला, मधल्या काळात भाऊबंदाने वतन बळकावलं, की तंट्यात कारण म्हणून हाच शब्द पुढे येतो.

फौजेच्या बाजूने पाहिलं तर स्वारी, मोहीम, मुलूखगिरी हे शब्द आहेत. दसऱ्याला निघायचं, पावसाळ्यात छावणी करायची, असा त्यांना हिशेब असतो. धामधुमीला तसा आदि-अंत नाही. ज्यांच्या शेतातून घोडी गेली त्यांच्या बाजूचा हा शब्द आहे, आणि म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो. इतिहासलेखनात ‘धामधुमीचा काळ’ अजून चालतो, तो चालत राहावा. मात्र आजच्या युद्धाच्या बातमीत ‘युद्धाची धामधूम’ लिहू नये. वाचकाला सनई-चौघडाच ऐकू येईल. ‘रणधुमाळी’सुद्धा आता निवडणुकीनेच पळवली आहे.

प्रश्न : मग ‘भाऊगर्दी’ त्याच जातीचा का?

उत्तर : हो, फक्त त्याला माणसाचं नाव चिकटलेलं आहे. दहशतगर्दी, गुंडगर्दी यांतली ‘गर्दी’ इथेही आहे, अर्थ उलथापालथ, धुमाकूळ. १७५३ मध्ये सूरजमलच्या जाटांनी दिल्ली लुटली, ती जाटगर्दी. सदाशिवरावभाऊंच्या नावाने भाऊगर्दी; आपल्याकडे ती १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतच्या संहाराशी जोडली गेली. आता ‘इच्छुकांची भाऊगर्दी’ म्हणताना मनात फक्त रेटारेटी असते. नारायणरावांना मारणारे ‘गारदी’ मात्र यात ओढू नका. तो शब्द गारद, म्हणजे पहारा, यावरून आलेला असून त्याचा या गर्दीशी संबंध नाही.