मदत हवी आहे: विकिरणाच्या एवढ्याशा ऊर्जेने कीड कशी थांबते, हे दहावीच्या मुलांना कसं समजावू?

नमस्कार मंडळी. मी नाशिक जिल्ह्यात दहावीला विज्ञान शिकवते. किरणोत्सार शिकवताना लासलगावच्या विकिरण केंद्राचं उदाहरण घेतलं, कारण वर्गात बरीच मुलं कांदेवाल्यांच्या घरची. तिथे कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूचे गॅमा किरण कांद्याचे कोंब रोखतात, आणि २००७ मध्ये अमेरिकेला गेलेला हापूसही, त्यातली कीड रोखण्यासाठी, तिथूनच विकिरण होऊन गेला.

“बाई, मग आंबा किरणोत्सारी नाही का होत?” याचं उत्तर देता आलं. किरण आंब्यात ऊर्जा सोडतात, कोबाल्ट काही आंब्याला चिकटत नाही. शिवाय १.१७ आणि १.३३ एमईव्ही (किरणांची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जेचे हे किरण आंब्यातल्या अणुकेंद्रकांना अस्थिर करू शकत नाहीत. उन्हात ठेवलेला आंबा अंधारात उजेड देत नाही, तसंच.

खरी अडचण पुढे आहे. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यासाठी किरणांची किमान मात्रा ४०० ग्रे, म्हणजे किलोला ४०० ज्यूल. आंबा बहुतांश पाणीच, म्हणून फळ्यावर गणित मांडलं तर तापमान जेमतेम ०.१ अंशाने वाढतं! मुलं थक्क झाली. एवढ्याने कोयीतल्या भुंग्याची वीण कशी थांबते? आयनीभवन होऊन (म्हणजे किरणांनी अणूंमधले इलेक्ट्रॉन उडून) डीएनए तुटतो हे मी सांगते, पण मुलांना ते नुसतं पाठ होतं.

ऊर्जा किती यापेक्षा ती कुठे आणि कशी पडते हे महत्त्वाचं, हे दिसेल असा साधा प्रयोग कुणी वर्गात केलाय का? किरणोत्सारी पदार्थ अर्थातच वापरायचा नाही. अतिनील दिवा चालेल का?